झेडपीत नोकरी, मेहुणा पंचायत समितीला उभा. प्रचाराला गेलो तर चालेल का?

कनिष्ठसहायक_झेडपी:
नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक आहे. सख्खा मेहुणा आमच्याच गणातून (पंचायत समितीच्या मतदारसंघातून) उभा राहतोय आणि घरचे म्हणतात आठ दिवस रजा टाक, आमच्याबरोबर फिर. मी नको म्हणतोय तर सासरे रागावलेत. त्यात त्याने परवा चौकात फ्लेक्स लावला, खाली शुभेच्छुक म्हणून माझा फोटो, नाव आणि वर हुद्दासुद्धा, मला न विचारता. रजेवर असलो तर नियम लागतात का? बायको गृहिणी आहे, ती फिरली तर चालेल का? कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा, खरंच टेन्शन आलंय.

आस्थापना_काका:
आधी तो फ्लेक्स उतरवायला सांगा, आजच. बाकीचं नंतर.
रजा टाकली म्हणजे नोकरीतून मोकळे झालात असं होत नाही, रजेवरही तुम्ही कर्मचारीच. आपल्याला जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम १९६७ लागतात, राज्य कर्मचाऱ्यांना १९७९ चे, दोन्हीकडे राजकारणापासून लांब राहा हेच सांगितलंय. १९७९ चा नियम ५ वाचा: पक्षाचं सदस्य व्हायचं नाही, वर्गणी द्यायची नाही, विधिमंडळाची असो की स्थानिक संस्थेची, कुठल्याच निवडणुकीत प्रचार करायचा नाही की वजन वापरायचं नाही. मत द्यायचा हक्क शाबूत आहे पण कुणाला दिलं किंवा देणार ते सांगायचं नाही. अंगावर, गाडीवर, घरावर निवडणूक चिन्ह लावलं तरी ते वजन वापरणंच धरलं जातं, तसं स्पष्टीकरण नियमातच आहे. तुमचा तर फोटो, हुद्द्यासकट! विरोधी उमेदवाराने मोबाईलवर फोटो काढून सीईओंकडे तक्रार दिली की नोटीस, मग शिस्त व अपील नियम १९६४ खाली चौकशी. निलंबनही होऊ शकतं.
वहिनी खुशाल फिरू देत, त्या नोकरीत नाहीत. पण तुमच्या दारात झेंडा नको आणि तुमची गाडी प्रचाराला नको.

रोखठोक_मराठवाडा:
काका बरोबर असतील पण गावात बघा, किती गुरुजी संध्याकाळी उमेदवाराच्या ओट्यावर बसलेले असतात, कुणाला काय होतं? नात्याचा माणूस उभा असताना तोंड फिरवायचं म्हणजे जन्मभर ऐकून घ्यावं लागतं ओ.

गुरुजी_सातारा:
दादा, काही होत नाही ते तक्रार होईपर्यंत. मी स्वतः प्राथमिक शिक्षक आहे, आमच्या तालुक्यात एका सहकाऱ्याने नुसतं स्टेटस ठेवलं होतं, चिन्हासकट, समोरच्या पार्टीने स्क्रीनशॉट काढून दिला आणि खुलासे लिहिता लिहिता बिचाऱ्याचा जीव मेटाकुटीला आला. व्हॉट्सॲपचं हल्ली विसरूच नका, जुलै २०२५ चा सोशल मीडियाचा जीआर स्थानिक स्वराज्य संस्थांच्या लोकांनाही लागू आहे, अगदी कंत्राटीवाल्यांनाही.
आणि हा नियम आपल्याला जाचासाठी नाही, हे मला मनापासून वाटतं. उद्या मतदान केंद्रावर आपणच बसणार. ज्याने दारोदार मतं मागितली त्याच्यासमोर विरोधी बाजूची म्हातारी बोटाला शाई लावून घ्यायला विश्वासाने कशी येईल?

कनिष्ठसहायक_झेडपी:
खूप आभार दोघांचे. फ्लेक्स उतरवायला लावतो. सासऱ्यांना हेच वाचून दाखवतो. अजून एक, मेहुण्याच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून माझी सही मागतायत, आणि इलेक्शन ड्युटी आमच्याच गणात लागली तर?

आस्थापना_काका:
सूचक बिलकुल होऊ नका, दुसरा कुणीही मतदार सही करेल. फ्लेक्स उतरवा म्हणून मेहुण्याला लेखी मेसेज टाका आणि उतरवल्यावर त्या जागेचा फोटो काढून ठेवा, खुलासा द्यायची वेळ आली तर हेच कामी येतं. ड्युटीचं म्हणाल तर आत्ताच निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना अर्ज द्या की उमेदवार माझे मेहुणे आहेत, मला या गणात नेमू नये. पोच घ्यायला विसरू नका.