तातडीने मदत हवी: सारखा जायबंदी होणारा स्टार खेळाडू ठेवावा की सोडावा?

खारेवारा
रविवारी कमिटीची मीटिंग आहे, त्याआधी उत्तर हवं. वेंगुर्ल्याच्या बाजूला आमचा गावचा फुटबॉल क्लब आहे. आमचा १० नंबर जर्सीवाला स्टार गेली दोन वर्षं सारखा जायबंदी होऊन बसतो. तो खेळला की आम्ही जिंकतो, याबद्दल वाद नाही. पण तीन सामने खेळतो आणि दोन महिने घरी. यंदा वर्गणी कमी जमली आहे. त्याला ठेवला तर बाकी कशालाच पैसे उरत नाहीत. सोडला तर पलीकडच्या गावचा क्लब दुसऱ्या दिवशी उचलणार आणि फायनलला तो आमच्यासमोर उभा राहणार. कमिटी निम्मी इकडे, निम्मी तिकडे. 'तुमचं तुम्ही ठरवा' असं कृपया लिहू नका. ठेवावा की सोडावा ते सांगा, आणि का ते सांगा.

माडाखालचा
सोडा. भावनेत अडकू नका. रेआल माद्रिदने २०१९ मध्ये एडन हॅझार्डला १० कोटी युरोंच्या वर मोजून आणला. चार मोसमांत ७६ सामने आणि ७ गोल. घोटा, स्नायू, पुन्हा घोटा. २०२३ मध्ये करार संपवला आणि त्याच वर्षी तो निवृत्त झाला. एवढ्या मोठ्या क्लबला जमलं नाही ते वर्गणीवर चालणाऱ्या क्लबला कसं जमणार?

बांद्याचो
दुखापत खंयची ती आदी सांगा. मांडयेची काय गुडग्याची? वय कितक्या त्येचा? डाक्टराक दाखवलात काय? ह्या काय एक न सांगता नुसता 'ठेवू की सोडू' इचारलात तर आमी काय सांगतलव?

खारेवारा
उजवा पाय. वय २६. पण प्रश्न दुखापतीचा नाही, क्लबने काय करावं हा आहे.

सुरंगी
प्रश्न दुखापतीचाच आहे, दादा. मी रत्नागिरीत फिजिओथेरपिस्ट आहे. 'उजवा पाय' म्हणजे काहीच कळत नाही. मांडीचा मागचा स्नायू वेगळा, गुडघ्याचा लिगामेंट वेगळा. एकाला आठवडे लागतात, दुसऱ्याला वर्ष लागू शकतं. कधी, कुठे, कसं दुखावलं, किती दिवसांनी परत उतरवला, एमआरआय झाला का, एवढं लिहा.

बोरिवली_ते_बागायत
मी मुंबईहून दरवर्षी वर्गणी पाठवणाऱ्यांपैकी. तुमच्या नाही, आमच्या गावच्या क्लबला. मे महिन्यात आम्ही गावी येतो ते अशाच एखाद्या पोराचा खेळ बघायला. तोच नसेल तर पुढल्या वर्षी पाकिटं हलकी होतील. ठेवा. आणि डेम्बेलेकडे बघा. बार्सिलोनाने २०१७ मध्ये घेतला, महिन्याभरातच मांडी गेली, पुढची काही वर्षं तेच चाललं होतं. २०२३ मध्ये पॅरिसला गेला. २०२५ मध्ये चॅम्पियन्स लीग आणि बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार. सोडणाऱ्यांना काय वाटलं असेल?

माडाखालचा
बार्सिलोनाने सहा वर्षं थांबून पाहिलं, हे विसरू नका. वाट बघण्याची ऐपत त्यांची होती. इथे बुटांना पैसे नाहीत.

कबड्डीप्रेमी
फुटबॉलपेक्षा कबड्डीत गुडघे जास्त जातात, असं मी बघत आलोय. आमच्याकडे पोरं मॅटवर सराव करतात आणि गावच्या स्पर्धेला मातीत उतरतात. पाय तिथेच फसतो. तुमचं मैदान कसलं?

खारेवारा
सड्यावर. जांभा आहे, वर माती टाकलेली. पावसाळा सरला की दगडासारखं होतं.

सुरंगीताई, लिहितो. मांडी मागून तीनदा धरली. पहिल्यांदा तीन आठवडे बसवला. दुसऱ्यांदा अकराव्या दिवशी उतरवला, क्वार्टर फायनल होती. तिसऱ्यांदा त्याच जागी. मग यंदाच्या मे महिन्यात सेमीफायनलला चेंडू घेऊन वळला, जवळ कोणी नव्हतं, आणि खाली बसला. आतून 'टक्' आवाज आला म्हणाला. तासाभरात गुडघा सुजून शहाळ्याएवढा झाला. चोळायला नेला एकाकडे. महिन्याने चालायला लागला. आता पळतो सरळ रेषेत. एमआरआय नाही केला, बरा झाला म्हणून.

सुरंगी
बरा झाला असं कोणी सांगितलं? जिना किंवा पाणंद उतरताना गुडघा 'सुटल्यासारखा' वाटतो का, हे त्याला आजच विचारा.

खारेवारा
विचारायची गरज नाही. बंदराच्या पायऱ्या उतरताना दोनदा बसला तो. मी होतो सोबत.

सुरंगी
मग मीटिंग बाजूला ठेवा. कोणाचा धक्का नाही, वळताना आवाज, तासाभरात सूज, नंतर गुडघा सुटणं. हे सगळं एसीएलकडे, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या पुढच्या लिगामेंटकडे बोट दाखवतं. हात लावून तपासल्याशिवाय आणि एमआरआयशिवाय मी खात्रीने सांगणार नाही, पण ऑर्थोपेडिक सर्जनला दाखवेपर्यंत त्याला एकही सामना खेळवू नका. सरळ रेषेत पळता येतं याने फसू नका. हा लिगामेंट लागतो तो थांबताना, वळताना, उडी मारून उतरताना. तो नसताना खेळला की प्रत्येक वेळी आतली गादी, मेनिस्कस, चिरडू शकते. आज एक दुखणं आहे त्याची दोन होतील.

शस्त्रक्रिया झालीच तर परत मैदानात यायला किमान ९ महिने धरा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की ९ महिन्यांपर्यंत परतणं लांबवलं तर प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण निम्म्याने कमी होतं. म्हणून सहाव्या महिन्यात 'आता बराच दिसतो' म्हणणारा कमिटी मेंबर त्याचा शत्रू समजा.

पुळणीवरचा
इतकं कशाला? पहाटे पुळणीवर पळवा. आमच्या वेळी रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, किनाऱ्यावर ओढणाऱ्या पोरांच्या पायांना कधी काही झालं नाही. वाळूत पाय घट्ट होतात.

सुरंगी
निरोगी पायांसाठी थोडं थोडं ठीक आहे, काका. पण पाण्याजवळची ओली वाळू एका बाजूला उतरती असते आणि कोरड्या वाळूत पाय सरकतो. सुटणाऱ्या गुडघ्याला दोन्ही नकोत.

पुळणीवरचा
ठीक आहे बाय, तुझा तो अभ्यास आहे. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं ते सांगितलं.

शेवटचा_स्पेल
विषय फुटबॉलचा आहे, पण बुमराला विसरू नका. पाठीमुळे २०२२ चा टी-ट्वेंटी विश्वचषक हुकला, २०२३ मध्ये शस्त्रक्रिया, आणि २०२४ च्या विश्वचषकात मालिकावीर. घाई केली असती तर?

कबड्डीप्रेमी
कपिल देव १३१ कसोटी खेळला, दुखापतीमुळे एकही चुकली नाही.

शेवटचा_स्पेल
कपिलच्या वेळचं क्रिकेट वेगळं, आताचं वेगळं. वर्षातले सामने मोजा.

बांद्याचो
क्रिकेटचो वेगळो धागो काढा रे. हय एका पोराच्या पायाचा चललाहा.

खारेवारा, शेजारी गोव्यात जा नि संदेश झिंगनचा इचारा. २०१९ त एसीएल गेलो, अख्खो मोसम बाहेर. २०२० त केरळ ब्लास्टर्स नि तो वेगळे झाले. मगे मोहन बागान, मगे बेंगळुरू, मगे एफसी गोवा. भारताच्या बचावात परत उभो रवलो. पण तेच्यामागे डाक्टर होते, फिजिओ होते, टाईम होतो. तुमी काय दिलात तुमच्या पोराक?

खारेवारा
सामन्यामागे ८०० रुपये, शिरोड्याहून येण्याजाण्याचं पेट्रोल, स्पर्धेच्या आठवड्यात अंडी आणि मासे. वर्षाचे साधारण ३० हजार होतात. यंदा सगळे मिळून ७० हजार जमलेत. त्यात चौदा वर्षांखालच्या पोरांची किट, दोन गोलपोस्टच्या जाळ्या आणि स्पर्धांच्या एन्ट्री फी भागवायच्या आहेत.

आणि एक राहिलं. अकराव्या दिवशी उतरवला म्हणालो, तेव्हा तो नको म्हणत होता. दुखण्याची गोळी मी दिली. मी त्याला सातवीपासून शिकवलाय, माझं तो मोडत नाही. सेमीफायनललाही मांडी बांधून खेळत होता. कमिटीत 'हा नाजूक आहे, याला सोडा' म्हणतात तेव्हा मला तिथे बसवत नाही.

बोरिवली_ते_बागायत
दादा, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. मी वर्गणीचं बोललो ते मागे घेतो.

सुरंगी
लिहिलंत हे चांगलं केलंत. तो नाजूक नाही. मांडीची दुखापत परत होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आधीची पूर्ण न भरलेली दुखापत. त्याला भरायला वेळच मिळाला नाही. एक विचारते, बूट कसले घालतो तो?

खारेवारा
लांब स्टडचे. गोव्याच्या एका खेळाडूने दिलेले, गवतावरचे. त्याला फार आवडतात.

सुरंगी
जांभ्याच्या कडक मैदानावर ते नकोत, कोणालाच नकोत. बारीक आणि जास्त खिळ्यांचे, टर्फवरचे घ्या. आणि बाकीच्या पोरांसाठी आजपासून फिफाचा '११+' वॉर्मअप सुरू करा. २० मिनिटं लागतात, एका चेंडूपलीकडे सामान लागत नाही, आठवड्यातून निदान दोनदा. त्यात मांडीसाठी एक व्यायाम आहे: गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने मागून घोटे दाबून धरायचे आणि अंग ताठ ठेवून जमेल तितकं हळूहळू पुढे झुकायचं. हा नियमित केला तर मांडीच्या दुखापती जवळपास निम्म्या होतात असं अभ्यासांतून दिसलंय. पहिल्या आठवड्यात पोरं कुरकुरतील, थोडक्यापासून वाढवा.

माडाखालचा
माझं मत थोडं बदललं आहे, पूर्ण नाही. खेळाडू म्हणून यंदा धरू नका. पण इंग्लंडच्या टॉटनम क्लबच्या लेडली किंगसारखं करता येईल. गुडघ्यामुळे आठवडाभर सराव नाही, फक्त सामना. कर्णधार होता, २००८ चा लीग कपही जिंकला.

सुरंगी
आणि ३१ व्या वर्षी निवृत्त झाला. त्याच्या गुडघ्याचं दुखणं वेगळं होतं आणि रोज बघणारे डॉक्टर होते. ते उदाहरण इथे नको.

बांद्याचो
सामन्याचे ८०० बंद करा, तेच पैशे तपासणीक लावा. नि चौदा वर्षांखालच्या पोरांक शिकवूक लावा तेका. बसान शिकवता येता. नाव क्लबात ऱ्हवता, पाय पण ऱ्हवता.

माडाखालचा
आणि पलीकडच्या क्लबने उचलला तर?

बांद्याचो
तेंका पण गुडघ्याचा सांगा. लपवू नकात. तुमच्यासमोर उभो ऱ्हवान तेचो पाय गेलो तर जिंकान काय करतलास?

खारेवारा
मीटिंग झाली. यादीत नाव ठेवलं, खेळाडू म्हणून नाही. दोघांनी विरोध केला. गोळीचं मी सगळ्यांसमोर सांगितलं, मग थोडा वेळ कोणी बोललं नाही. तपासणीचा खर्च क्लब करणार, कमी पडेल ते मी घालतो. पलीकडच्या सेक्रेटरीलाही फोन करून सांगितलं.

गुरुवारी बांबोळीला, गोव्याच्या सरकारी हॉस्पिटलात, दाखवायला जातोय दोघं. त्याला कळवायला फोन केला तर त्याने आधी विचारलं, 'सर, १० नंबर कोणाक दिलात?' कोणालाही नाही म्हटलं. रिपोर्ट आला की इथेच लिहितो, सुरंगीताई, तुम्ही बघालच.

जाळ्यांना मात्र आता पैसे नाहीत. कोणाकडे जुन्या असतील तर सांगा.

पुळणीवरचा
विकत कशाला घेता? बंदरावर जुनी नायलॉनची जाळी पडून असतात. मोठ्या आसाचं, म्हणजे मोठ्या भोकांचं, बघून घ्या, चेंडू अडला म्हणजे झालं. कडेने दोरी ओवून खांबाला बांधायची. ओवायला माणूस नसेल तर मी येतो. शनिवारी चालेल?