बास गिटारसाठी कार्यक्रमात कोणता अँप घ्यावा आणि तो मंचावर कसा लावावा?

चारतारी

नमस्कार. पुण्यात आमचा सहा जणांचा हौशी वाद्यवृंद आहे: दोन गायक, की-बोर्ड, ढोलकी-तबला, ऑक्टोपॅड आणि बास गिटारवर मी. भावगीते, जुनी चित्रपटगीते आणि शेवटी कोळीगीते व लावण्या असा कार्यक्रम असतो. बहुतेक कार्यक्रम गणेशोत्सवात सोसायट्यांच्या मंडपांत किंवा दीडदोनशे श्रोत्यांच्या सभागृहांत होतात. क्वचित नाट्यगृहही मिळते.

माझ्याकडे चार तारांची पॅसिव्ह (आत बॅटरीवरचे सर्किट नसलेली) बास आणि घरी सरावासाठी घेतलेला १५ वॅटचा अँप आहे. ढोलकी रंगात आली की मला स्वतःचा एकही स्वर ऐकू येत नाही, म्हणून मी आवाज वाढवतो आणि तो फाटू लागतो. साउंडवाले कधी अँपसमोर माइक ठेवतात, तर कधी माझी वायर थेट मिक्सरला जोडतात. दोन्ही प्रकारांत पुढे बसलेल्यांचे म्हणणे एकच असते की नुसते घुमते, स्वर कळत नाही.

खर्चाची मर्यादा ४५ हजार रुपयांच्या आसपास आहे. किती वॅटचा अँप पुरेसा होईल? अँप आणि स्पीकर एकत्र असलेला कॉम्बो घ्यावा की हेड (नुसता अँप) आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) वेगवेगळे घ्यावे? माझा मामेभाऊ डिसेंबरात न्यू जर्सीहून येणार आहे. तिकडून मागवणे शहाणपणाचे ठरेल का?

मंद्र_पंचम

आपण वॅटचा प्रश्न सर्वांत आधी विचारला आहे, पण तो सर्वांत शेवटी यावा असे माझे मत आहे. आपण सांगितलेल्या जवळपास सर्व ठिकाणी मुख्य स्पीकर साउंडवाल्यांचे असतात. श्रोत्यांपर्यंत बास पोहोचवणे हे त्यांचे काम; आपल्या अँपने तो आपल्याला, ढोलकीवाल्यांना आणि फार तर गायकांना स्पष्ट ऐकवावा, एवढेच अपेक्षित आहे. हे एकदा मान्य केले की निम्मी यादी आपोआप गळून पडते.

सध्याचा अँप का फाटतो, तेही पाहू. सुटी ई तार म्हणजे हार्मोनियमची पांढरी तीन, आणि तिची कंपनसंख्या ४१ हर्ट्झ आहे. गाणे काळी एकमध्ये असेल, तर ए तारेच्या चौथ्या पडद्यावरचा षड्ज ६९ हर्ट्झला आणि ई तारेच्या चौथ्या पडद्यावरचा खालचा पंचम ५२ हर्ट्झला येतो. इतके खालचे स्वर मोठ्याने काढायचे तर स्पीकरच्या कागदाला पुष्कळ मागेपुढे हलावे लागते, आणि सरावाच्या अँपमधल्या लहान स्पीकरची तेवढी हालचाल करण्याची तयारीच नसते. खरे सांगायचे तर चांगल्या कॉम्बोमधूनही ४१ हर्ट्झ पूर्ण जोराने बाहेर पडत नाही. त्याच्या दुपटीचा ८२ हर्ट्झचा आणि त्यावरचे उपस्वर नीट आले की मूळ स्वर कान स्वतःच जुळवून घेतो. त्यामुळे तळाचा दणका शोधण्यापेक्षा ८० ते २०० हर्ट्झचा भाग स्वच्छ देणारा स्पीकर शोधावा.

आता वॅट. वॅट दुप्पट केले तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. याउलट एक वॅटला एक मीटरवर ९७ डेसिबल देणारा स्पीकर १०० वॅटवर जे काम करतो, त्यासाठी ९४ डेसिबलच्या स्पीकरला २०० वॅट द्यावे लागतात. डब्यावर वॅट ठळक छापलेले असतात. स्पीकरचा हा आकडा माहितीपत्रकात शोधावा लागतो आणि अनेकदा तो दिलेलाच नसतो.

आपल्या गरजेला १२ इंची एक किंवा १० इंची दोन स्पीकर असलेला, १०० वॅट किंवा त्याहून अधिक क्षमतेचा आणि मागे एक्सएलआर डीआय आउट (मिक्सरला थेट सिग्नल देणारी जोडणी) असलेला कॉम्बो योग्य ठरेल. उदाहरणच द्यायचे तर फेंडर रंबल १०० मध्ये १२ इंची स्पीकर आहे आणि वजन सुमारे १० किलो आहे. त्याच मालिकेतील रंबल ५०० मध्ये १० इंची दोन स्पीकर असून तो साडेसोळा किलोंच्या आसपास भरतो. त्याच्या स्वतःच्या स्पीकरांवर ३५० वॅट मिळतात आणि ८ ओहमचे आणखी एक कॅबिनेट जोडले की ५०० मिळतात. दुसरा कॉम्बो आपल्या खर्चाच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो, तेव्हा वापरलेला परंतु सुस्थितीतला मिळतो का, हेही पाहावे.

हेड आणि कॅबिनेट वेगळे घेतल्यास ओहमचे, म्हणजे स्पीकरच्या विद्युत अवरोधाचे, गणित नेहमी ध्यानात ठेवावे लागते. ८ ओहमची दोन कॅबिनेटे समांतर जोडली की भार ४ ओहम होतो. ४ ओहमची दोन जोडली की २ ओहम. आजच्या बहुतेक हलक्या हेडना ४ ओहमपेक्षा कमी भार चालत नाही. व्हॉल्व्हच्या हेडचे दुखणे उलटे असते: कॅबिनेट न जोडता ते चालवले तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. १९६९ साली आलेला अँपेग एसव्हीटी हा ३०० वॅटचा व्हॉल्व्ह अँप आणि त्याखालचे आठ स्पीकरांचे कॅबिनेट यांचे चित्र प्रत्येक बासवादकाच्या मनात असते, पण त्या जातीचे कॅबिनेट ६० किलोंच्या घरात जाते आणि रिक्षात मावत नाही, एवढे सांगून थांबतो.

अमेरिकेहून मागवायचाच असेल, तर मागील पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले आहे किंवा २३० व्होल्टचा खटका आहे, याची खात्री छायाचित्रावरून आधी करून घ्यावी. केवळ १२० व्होल्टचा अँप इथे ट्रान्सफॉर्मरशिवाय लावता येत नाही, आणि मंडपाच्या धावपळीत कोणी तरी तो थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसण्याची भीती कायम राहते. दुरुस्तीचा विचार केला तर इथेच घेतलेला बरा.

पडद्यामागे

मी मिक्सरच्या बाजूचा माणूस आहे, त्यामुळे केवळ 'घुमते, पण स्वर कळत नाही' या तक्रारीबद्दल लिहितो.

पॅसिव्ह बासच्या पिकअपला पुढे सुमारे १ मेगाओहमचा इनपुट हवा असतो. मिक्सरचा लाइन इनपुट साधारण १० ते २० किलोओहमचा असतो आणि माइकचा इनपुट तर त्याहून पुष्कळ कमी. अशा इनपुटला वायर थेट जोडली की वरच्या कंपनसंख्या दबतात, बोट तारेवरून सुटतानाचा टणत्कार नाहीसा होतो आणि श्रोत्यांपर्यंत फक्त घुमारा पोहोचतो. मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे बासचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करणारी छोटी पेटी, असलाच पाहिजे. आपली बास पॅसिव्ह असल्याने ॲक्टिव्ह डीआय घ्यावा. तो बॅटरीवर किंवा मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटम पॉवरवर चालतो. अँपसमोर माइक ठेवण्याची पद्धत स्टुडिओत उत्तम आहे, परंतु तीन हातांवर ढोलकी वाजत असताना त्या माइकमध्ये बासइतकीच ढोलकी शिरते.

नव्या कॉम्बोला डीआय आउट असेल, तर वेगळा बॉक्स घेण्याची घाई नको. फक्त त्याशेजारचा प्री-पोस्ट खटका प्रीवर ठेवावा, म्हणजे अँपच्या टोनच्या बटणांआधीचा सिग्नल मिक्सरला जातो. तो पोस्टवर असेल, तर आपण मंचावर स्वतःला ऐकू यावे म्हणून बेसची बटणे फिरवता आणि तो बदल श्रोत्यांच्या माथी बसतो. गिटारची साधी वायर पाचसहा मीटरपेक्षा लांब असू नये. डीआयपासून पुढे बॅलन्स्ड (बाहेरचा विद्युत गोंगाट रद्द करणारी) वायर तीस मीटर गेली तरी बिघडत नाही.

दुसरे कारण वाद्यवृंदाच्या रचनेतच आहे. की-बोर्डवाल्यांचा डावा हात, तबल्याचा डग्गा, ऑक्टोपॅडचा किक आणि आपली बास ही सगळी मंडळी ६० ते १२० हर्ट्झच्या एकाच खोलीत राहायला येतात. मिक्सरवर कितीही कसरत केली तरी यावर खरा उपाय तालमीतच होतो: बास असलेल्या गाण्यांत की-बोर्डवाल्यांनी डाव्या हाताने खालचे स्वर वाजवू नयेत. त्यानंतर मी बासच्या चॅनलवर ३५ ते ४० हर्ट्झखाली लो-कट लावतो, २५० हर्ट्झच्या आसपास थोडे कमी करतो आणि ८०० हर्ट्झजवळ किंचित वाढवतो. एकट्या बासचा आवाज तेव्हा कोरडा वाटतो आणि वादक हमखास नाराज होतात, पण सर्व वाद्ये सुरू झाल्यावर स्वर उठून दिसतात.

हमिंगबद्दल दोन शब्द. आपल्याकडच्या विजेचे हमिंग ५० आणि १०० हर्ट्झला येते, आणि काळी चारचा खालचा स्वर ५२ हर्ट्झला असतो. म्हणजे फिल्टर लावून हमिंग काढू गेले की त्याबरोबर आपला स्वरही जातो. ते मुळातच थांबवावे लागते. डीआयवरचा, सिग्नल वायरचे अर्थिंग तोडणारा ग्राउंड लिफ्ट खटका त्यासाठीच असतो. तो दाबूनही हमिंग राहिले, तर अँपचा प्लग रोषणाईच्या बोर्डवरून काढून साउंडच्या बोर्डवर घ्यावा. काही जण प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. हे कोणीही, कोणत्याही कारणाने करू नये. बासच्या तारा अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. बोटे तारांवर, ओठ माइकला आणि पायाखाली पावसाने ओला झालेला मंच अशा स्थितीत दोन अर्थिंगमधला फरक अंगातून वाहतो. मंडपात पोहोचल्यावर सॉकेटमध्ये अर्थिंग खरोखर आहे का, हे मंडळाच्या वायरमनकडून तपासून घ्यावे.

मांडवी_काठ

मी पणजीत राहतो आणि बहुतेक वेळा हॉटेलांत व लहान लग्नसमारंभांत वाजवतो. मंद्र_पंचम यांचे म्हणणे मंडप आणि नाट्यगृहापुरते मला मान्य आहे. आमच्याकडे ते लागू पडत नाही. तिथले मुख्य स्पीकर म्हणजे खांबावर चढवलेले १२ इंची दोन टॉप, आणि सबवूफर बहुधा नसतोच. त्या टॉपमध्ये बास सोडली तर गायकाचा आवाज तिच्याबरोबर थरथरू लागतो. अशा ठिकाणी श्रोत्यांना बास ऐकवण्याचे कामही अँपलाच करावे लागते, आणि तेव्हा १०० वॅट अपुरे पडतात. ऑक्टोपॅड जोरात असेल तर १० इंची दोन स्पीकर आणि ३०० वॅटच्या पुढचा अँप, यापेक्षा कमी मी नेत नाही. चारतारी यांनी पुढच्या दोन वर्षांत आपण कुठे वाजवणार आहोत, याचा अंदाज घेऊनच निर्णय करावा.

चारतारी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्याकडे सबवूफरशिवाय कार्यक्रम फारसे होत नाहीत, त्यामुळे १०० वॅटच्या कॉम्बोकडे माझा कल झुकला आहे. एक उपप्रश्न आहे. आमच्या नेहमीच्या एका सभागृहात मित्राचा कॉम्बो लावून पाहिला होता. मागच्या भिंतीपासून साधारण मीटरभर पुढे, जमिनीवर ठेवला होता. बाकीचे स्वर नीट येत होते, पण डी तारेच्या तिसऱ्या पडद्यावरची पांढरी चार जवळजवळ नाहीशी होत होती. वाद्यात दोष असेल का?

मंद्र_पंचम

वाद्यात दोष असता, तर तो घरीही जाणवला असता. हा भिंतीचा परिणाम वाटतो. खालचे स्वर स्पीकरच्या पुढे जातात तसेच मागेही जातात. मागे गेलेला आवाज एक मीटर जाऊन भिंतीवर आपटतो आणि एक मीटर परत येतो, म्हणजे पुढच्या आवाजापेक्षा दोन मीटर उशिरा निघतो. ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी दोन मीटर असते, तो स्वर अशा वेळी स्वतःलाच छेद देतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धरला, तर चार मीटर तरंगलांबीचा स्वर ८६ हर्ट्झचा येतो, आणि आपली पांढरी चार ८७ हर्ट्झला आहे.

कॉम्बो भिंतीला टेकवून ठेवावा. तेव्हा स्पीकरचा पुढचा भाग भिंतीपासून ४० सेंटीमीटरच्या आत राहतो आणि हा छेद २०० हर्ट्झच्या वर सरकतो, जिथे तो फारसा त्रास देत नाही. मात्र भिंतीमुळे खालचा आवाज एकंदरीत वाढेल, तेवढे बेसचे बटण उतरवावे. कोपऱ्यात ठेवू नये. तिथे दोन भिंती आणि जमीन मिळून घुमारा आवरेनासा होतो. मंडपात मागे नुसते कापड असते आणि खर्जाचे स्वर त्यातून आरपार जातात, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. उलट तिथे आवाज पातळ वाटला तर नवल नको.

उंचीही महत्त्वाची आहे. जमिनीवरचा कॉम्बो आपल्या गुडघ्यांना उत्तम ऐकू जातो. स्वराची स्पष्टता ज्या वरच्या कंपनसंख्यांत असते, त्या सरळ रेषेत जातात आणि कानापर्यंत पोहोचतच नाहीत. मग वादक आवाज वाढवतो आणि त्याचा त्रास पहिल्या रांगेला होतो. भक्कम खुर्चीवर ठेवावा किंवा मागे कलता करावा. आपली मूळ तक्रार निम्मी इथेच मिटेल, असा माझा अंदाज आहे.

पडद्यामागे

सहमत. मंचावरचा आवाज आटोक्यात राहिला, तर आमचे कामही सोपे होते. निवासी भागात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि आवाज मोजताना लावली जाणारी ए श्रेणी (कानाच्या संवेदनशीलतेनुसार मोजण्याची पद्धत) ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरते. म्हणजे मीटरवर बास फारशी दिसत नाही. पण भिंतींतून आरपार जाते तीच, आणि तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा मीटर घेऊन बसलेले नसतात.

ध्वनिचाचणीच्या वेळी मास्टर शून्यावर ठेवून सर्वांत जोराचा आघात करावा, आणि क्लिपचा (सिग्नल फाटल्याचा) दिवा जेमतेम लुकलुकेल इतकाच गेन (सुरुवातीची आवाजवाढ) ठेवून नंतर मास्टर चढवावा. घरी वाजवतो त्या हाताने नव्हे, तर शेवटच्या लावणीला जो हात पडतो त्या हाताने वाजवून दाखवावे. निम्मे वादक चाचणीला अलगद वाजवतात आणि कार्यक्रमात आम्हाला सगळे पुन्हा लावावे लागते. आणि बासची वायर काढण्यापूर्वी मिक्सरकडे एकदा हात करावा. चॅनल बंद न करता ती ओढली, तर जो धमाका होतो तो सबवूफरला सोसत नाही.