'मुलांची जादूची पुस्तकं रविवारी आणून द्या' – या निरोपाला उत्तर

पुठ्ठाबांधणी
आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर निरोप फिरतोय: 'सुट्टीत मुलांच्या हाती जादूटोण्याची पुस्तकं आहेत. उपासनेनंतर आणून द्या, इफिसकरांसारखी जाळू.' सोबत पुस्तकांची यादी, बायबलातलं 'प्रेषितांची कृत्ये' १९:१९, आणि खाली आमेनची रांग.

आमेन म्हणणाऱ्यांनी तो अध्याय उघडला असता तर बरं झालं असतं. इफिस शहरात जळाली ती मंत्रतंत्र करणाऱ्यांची, धंद्याची पुस्तकं. किंमत भरली ५०,००० रुप्याची नाणी. एक नाणं म्हणजे साधारण मजुराचा दिवसाचा रोज. आणि जाळली ज्याची त्यानं, विश्वास ठेवल्यावर, आपणहून. तिथं शिकवणाऱ्या प्रेषित पौलानं कुणाच्या पोराचं दप्तर झडती घेऊन रिकामं केलं नाही.

त्या यादीत 'नार्निया' ही मुलांची कथामालासुद्धा! १९५० च्या पहिल्या भागात मिठाईच्या लोभानं फितूर झालेल्या पोराच्या जागी सिंह दगडी मेजावर मरतो आणि पहाटे उठतो. शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या वर्गात, गेलेल्या पोराला हा सिंह म्हणजे येशू हे समजावून सांगावं लागत नाही. १९५५ च्या भागातला जादूगार मामा तर इतका भित्रा की जादूच्या अंगठ्या आधी दुसऱ्यांच्या पोरांवर वापरून बघतो. असा जादूगार व्हायची हौस कुणाला येईल?

मिशनरी वायल्डरसाहेब कोल्हापुरात आले १८५२ ला. त्याच्या ११ वर्षं आधी हरि केशवजींनी बन्यन या इंग्रज लेखकाची ख्रिस्ती रूपककथा 'यात्रिक क्रमण' नावानं मराठीत आणली होती. त्यात अपल्लुओन नावाचा राक्षस आहे: अंगावर माशाचे खवले, पाठीला पंख, पोटातून आग नि धूर. तेही द्या मग टाकून चुलीत.

शब्बाथशाळा_इयत्ता३
दादा, इफिस झालं. बायबलातल्याच 'अनुवाद' या पुस्तकातल्या १८:१०-१२ चं काय? तिथं मंत्रतंत्र, चेटूक, मृतांना विचारणं, एकेक नाव घेऊन मना केलंय.

आणि लंडनच्या पोराला जादू म्हणजे फक्त गोष्ट. इथं तिकटीवर उतारा पडलेला असतो: भात, हळदकुंकू, कापलेलं लिंबू. शेजारी करणी काढायला बाबा येतो. असले प्रकार आजूबाजूला खरंच होतात म्हणूनच सरकारला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. सात वर्षांचं पोर तो उतारा चुकवून शाळेत जातं, घरी येऊन मंत्रानं दार उघडल्याचं वाचतं. हे खरं, ते खोटं, हे त्याला कोण सांगणार? पालक तर मोबाइलमध्ये.

हॅरी पॉटरच्या चौथ्या भागाचा शेवट वाचलाय का? रात्री कब्रस्तानात कढई, त्यात बापाचं हाड, नोकरानं तोडून दिलेला हात, शत्रूचं रक्त. सामान, क्रम, म्हणायचे शब्द, सगळं आहे. ही 'निव्वळ कल्पना' का?

वाचून_ठरवा
चौथ्या भागाबद्दल ताई बरोबर. पण तो आक्षेप पहिल्या तिघांना लागत नाही, आणि तुम्ही सातही एका गोणीत भरताय.

पालकांचं चुकतं ते इथं, की मुखपृष्ठावर झाडू दिसला की पुस्तक बाद. उलट करा. सुरुवातीची दोन-तीन प्रकरणं आणि शेवटची दोन आधी स्वतः वाचा. पुस्तक अंधारात शिरतं ते बहुतेक शेवटाकडे. मग बघा, शक्ती येते कुठून? अंगची आहे, देणगी आहे, की कुणाला तरी बोलावून मिळवलीय? वापरणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते का? आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, ती कृती पोराला घरी करता येते का? झाडूवर बसून कुणी उडत नाही. पण कागदावर अक्षरं मांडून, वाटी पालथी घालून प्लँचेट कुणालाही जमतं. एखाद्या साध्या भुताच्या गोष्टीत त्याची कृती दिली असेल तर ते पुस्तक आधी उचला.

चौथीपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवा, रोज एकच प्रकरण. घाबरलं तर तिथंच थांबता येतं. हिसकावून घेतलं तर पोर मित्राकडून आणून वाचतं, मग शंका विचारायला घरात कुणी उरत नाही.

बायबलात दानीएल १ पण बघा. खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या लोकांची, विद्या आणि भाषा, तीन वर्षांचं शिक्षण. नाकारलं त्यानं राजाचं ताट. पुस्तकं नाकारली नाहीत.

खासबाग_कट्टा
पुस्तकं जाळा की ठेवा, माझा प्रश्न वेगळा. ज्या टेबलावर पुस्तकं जमा करणार, तिथंच अभिषेकाच्या तेलाच्या बाटल्या मांडल्यात. चौकटीला लावा, गाडीला लावा, परीक्षेच्या पेनाला लावा. दारावरच्या लिंबू-मिरचीत आणि ह्यात फरक काय ओ?

निर्गम ३०:२३-२५ मध्ये कृती दिलीय: गंधरस ५०० शेकेल, दालचिनी २५०, सुगंधी बच २५०, तज ५००, जैतुनाचं तेल एक हीन. म्हणजे अंदाजे साडेपाच किलो गंधरस आणि तेल जेमतेम पावणेचार लिटर. पुढं वचन ३३: असं बनवणाऱ्याला लोकांतून काढून टाका. तुमच्या बाटलीवर आत काय आहे एवढंही छापलेलं नाही.

वडील_मंडळी
विश्वासाची टिंगल पुरे. याकोब ५:१४ वाचा. तेल लावायची आज्ञा आहे.

खासबाग_कट्टा
वाचलं. आजारी माणूस मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, बोलावतो, ते येऊन प्रार्थना करतात, तेल लावतात. आलं कोण? वडील. बाटली पार्सल करा असं याकोबानं कुठं लिहिलंय? मोशेचा पितळी सापसुद्धा देवाच्याच सांगण्यावरून केलेला. लोक त्याला धूप दाखवायला लागले तेव्हा हिज्कीया राजानं फोडला. २ राजे १८:४.

वडील_मंडळी
म्हातारी माणसं ते तेल लावून निवांत झोपतात. त्यांच्या उशाची बाटली काढून घ्यायला तुम्ही जाणार का? वर्गणीच्या दिवशी तर दिसत नाही कधी.

खासबाग_कट्टा
आली वर्गणी! उत्तर नसलं की पावतीपुस्तक बाहेर.

शब्बाथशाळा_इयत्ता३
दोघंही थांबा. विषय मुलांचा होता, निम्मा धागा तेलानं भरला. कट्टेकरी, पेनाला तेल लावणं मलाही पटत नाही. पण म्हणून पुस्तकातली कढई चालेल असं होत नाही.

पुठ्ठाबांधणी
कढई आठवीनंतर. मान्य. जाळणार असाल तर मुखपृष्ठाचं लॅमिनेशन आधी सोलून काढा. ते प्लॅस्टिक असतं; वितळतं, काळा धूर धरतं, आणि आवारात लहान मुलंच पुढं उभी राहतील.

शब्बाथशाळा_इयत्ता३
जाळू नका, असं मीच कळवते, एवढं पोटात दुखतंय तर. माझ्या वर्गात मात्र नार्निया चालेल, हॅरी पॉटर नाही. आणि पांढरी चेटकीण वाचून कुणी रात्री रडलं तर तुमचा नंबर देणार आहे.

वाचून_ठरवा
द्या की. मोठ्यानं वाचा म्हटलेलं, ते तेवढं कुणी ऐकलं नाही.

वडील_मंडळी
तेलाचं टेबल राहणार. कट्टेकऱ्यांनी एक बाटली न्यावी, जिभेला लावायला.