छोट्या उत्पादकाची स्पार्कलिंग वाइन: जास्तीचे पैसे कशाचे, आणि इंदूरच्या उन्हाळ्यात ती सांभाळायची कशी?

रामबागकर
नमस्कार मंडळी. मोठ्या ब्रँडची शॅम्पेन असो की एखाद्या बागायतदाराने स्वतःच्या द्राक्षांची केलेली, बुडबुडे दोन्हींत बाटलीतच तयार होतात. मग जाणकार लहान उत्पादकाच्या मागे एवढे का असतात? लेबलवरून तो ओळखायचा कसा? दुसरं, पेट-नॅट नावाची गढूळ वाइन उघडली की निम्मी बाहेर येते, ते का? आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाटली ठेवायची कुठे? जेवणात कोथिंबीर वडी, साबुदाणे वडे आणि गराडू (आपल्याकडचा तळलेला कंद) आहेत.

द्राक्षवेल
पद्धत एकच आहे हे बरोबर. साध्या वाइनमध्ये लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटलीला सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं बूच लावतात. ४ ग्रॅम साखरेमागे एक वातावरण दाब, म्हणजे सहाच्या आसपास. यीस्ट मरून तळाशी बसतं आणि त्या गाळावर वाइन मुरते. भाजलेल्या पावासारखा वास आणि तोंडात जाणवणारा मऊपणा त्यातूनच येतो. मग बाटली हळूहळू फिरवत उलटी करतात, गाळ मानेत उतरतो. मान उणे २५ अंशांच्या आसपासच्या द्रावात बुडवली की गाळाचा बर्फ होतो. बूच काढताच आतला दाब तो खडा बाहेर भिरकावतो. कमी झालेली वाइन थोड्या गोड वाइनने भरून काढतात आणि कॉर्क ठोकतात.

फरक आहे तो द्राक्षांत. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रदेशात तीनशेहून जास्त गावं आहेत. मोठी कंपनी अनेक गावांची द्राक्षं विकत घेते, जुन्या वर्षांची वाइन मिसळते आणि दरवर्षी तीच चव देते. ते कौशल्य मोठंच आहे. लहान बागायतदाराकडे मात्र एक-दोन गावांतले मोजके तुकडे असतात. खडूची जमीन, उतार, त्या वर्षीचा पाऊस, सगळं बाटलीत उतरतं. मला तरी हीच तिची खरी ओढ वाटते: दोन वर्षांच्या बाटल्या शेजारी ठेवल्या तर त्या वेगळ्या लागतात, आणि तशाच लागायला हव्यात.

लेबलच्या तळाशी बारीक अक्षरांत कोड शोधा. ‘आर.एम.’ म्हणजे स्वतः पिकवून स्वतः वाइन करणारा. तो द्राक्षं विकत घेऊ शकतो, पण जेमतेम ५ टक्के. ‘एन.एम.’ म्हणजे द्राक्षं विकत घेणारी कंपनी, ‘सी.एम.’ म्हणजे सहकारी संस्था. फसगत होते ती ‘आर.सी.’ची: नाव बागायतदाराचं, वाइन सहकारी तळघरातली. वाईट असेलच असं नाही, पण तुम्ही ज्याचे पैसे देताय ती ही नव्हे.

मागच्या लेबलवर गाळ काढल्याची तारीख, मुख्य द्राक्षांचं वर्ष आणि लिटरला साखर किती हे छापलेलं असेल तर उत्पादक मोकळेपणाने बोलतोय असं समजा. वर्ष न छापलेल्या शॅम्पेनला कायद्याने १५ महिने मुरवावं लागतं, त्यातले १२ गाळावर. चांगले लहान उत्पादक बहुतेकदा त्याहून जास्त थांबतात.

तळघर
एक भर घालतो. लहान म्हणजे चांगली असं समीकरण मांडू नका. वाइन बिघडू नये म्हणून घालतात त्या गंधकाशिवाय केलेल्या काही बाटल्यांत उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव येते. नाकाला कळत नाही, गिळल्यावर काही क्षणांनी कळते, कारण वाइनच्या आंबटपणात तो वास दबलेला असतो आणि लाळेत मिसळल्यावर सुटतो. तो दोषच आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून खपवून घेऊ नये.

आता पेट-नॅट. इथे दुसऱ्यांदा साखर घालत नाहीत. पहिलंच आंबवणं संपायच्या आधी वाइन बाटलीत भरतात. लिटरला १० ते १२ ग्रॅम साखर उरली असताना भरली तर दाब अडीच-तीन वातावरणं होतो, छान. २० ग्रॅमला भरली तर पाच, आणि साधी वाइनची बाटली तेवढ्यासाठी नसते. चूक बहुतेकदा मोजण्यात होते: नमुन्यातला वायू न काढता हायड्रोमीटर (साखर मोजायची तरंगती काचनळी) सोडला की बुडबुडे त्याला वर ढकलतात आणि आकडा खोटा येतो.

पण दाब ठीक असूनही वाइन उसळते, कारण गाळाचे कण आणि टार्टरेटचे (द्राक्षांतल्या आम्लाच्या क्षाराचे) खडे. प्रत्येक कणाभोवती बुडबुडा धरतो. म्हणून बाटली फ्रिजमध्ये पूर्ण एक दिवस उभी ठेवा, ४-५ अंशांपर्यंत गार करा, परातीत धरून उघडा. ओपनरने बूच केसभर उचला, फुस्स आवाज आला की परत दाबा. असं तीन-चारदा केलं की दाब उतरतो. मग एकाच झोकात सगळे ग्लास भरा. बाटली सारखी सरळ-आडवी केली की गाळ ढवळतो.

मालवा_ताई
साठवणीबद्दल. वाइन तापली की विरघळलेला वायू बाहेर येतो. २० अंशांना सहा असलेला दाब ४० अंशांच्या आसपास दीडपटीच्या वर जातो. जाड बाटली तो सोसते, पण कॉर्कच्या कडेने गळती सुरू होते आणि चव शिजल्यासारखी होते. आपल्या मे महिन्यात गच्चीखालची खोली, स्वयंपाकघरातलं कपाट आणि बंद गाडी ही तीन ठिकाणं वर्ज्य. खरेदी डिसेंबर-जानेवारीत करा आणि मार्चनंतर उरलेल्या बाटल्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उभ्या ठेवा. बाटली पारदर्शक असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळा. उजेडाने वाइनला शिजलेल्या कोबीसारखा वास येतो.

जेवणाच्या दिवशी बर्फ आणि पाणी अर्धं-अर्धं घेऊन त्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. नुसता बर्फ नको, तो बाटलीला सगळीकडून टेकत नाही. ८ ते १० अंश पुरेत. तारेची जाळी सहा अर्ध्या वळणांत सुटते. सैल करा, पण काढू नका. बाटली तिरकी धरून कॉर्क घट्ट पकडा आणि फिरवा ती बाटली.

कोथिंबीर वडी आणि साबुदाणे वड्यांसोबत लिटरला ६ ग्रॅमच्या आत साखर असलेली ‘एक्स्ट्रा ब्रूट’ उत्तम. आंबटपणा तेल कापतो. गराडूवर मात्र जीरावन (वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला) हात राखून घाला, बुडबुड्यांमुळे तिखट दुप्पट झोंबतं. जिलेबी-श्रीखंडासोबत ब्रूट (कमी साखरेची) नकोच, नुसती आंबट लागेल. तिथे ३२ ते ५० ग्रॅमची ‘दमी-सेक’ हवी.

पहिल्यांदाच घेत असाल तर तुलनेसाठी शेजारी नाशिकची एक बाटली ठेवा. सुला ब्रूट किंवा दिंडोरीची शांदों, दोन्ही बाटलीतच आंबवलेल्या. नाशिकला आंबटपणा टिकावा म्हणून स्पार्कलिंगची द्राक्षं लवकर तोडतात, तरी फळाचा गोडवा जाणवतो.

रामबागकर
मनापासून आभार. बाटली उरली तर मानेत चांदीचा चमचा अडकवून ठेवतात म्हणे, उपयोग होतो?

तळघर
नाही. वायू टिकतो तो थंडीमुळे, चमच्यामुळे नाही. कडेने पकडणारं स्पार्कलिंगचं झाकण मिळतं, ते लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. पेट-नॅट असेल तर त्याच रात्री.