बोलकी पोरगी, घुमा नवरा: जमतं का?

विश्रामबागचा घुमा: मंडळी, मिरजेचं स्थळ आलंय. एकदा घरी कांदेपोहे झाले, दुसऱ्यांदा आमराईत भेटलो. ती तासभर बोलली, मी हं, हो, बरोबर. बाहेर पडेपर्यंत तिला भेळवाल्याच्या पोराची दहावीची टक्केवारीसुद्धा कळली होती. पोरगी आवडलीय. आई म्हणते, एकानं बोलावं, एकानं ऐकावं. पण हीच बडबड चार वर्षांनी टोचली तर? स्वभाव सारखे बरे की उलटे?

हळदवाला काका: उलटेच. आपल्या सांगलीचा २०१९ चा पूर आठव. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी त्याच्या खाली होतं तेव्हाच बायको गहू, पोरांची दप्तरं, घराची कागदपत्रं माळ्यावर चढवायला लागली. मी खुर्चीत. म्हटलं, २००५ ला पायरीपर्यंतच आलं होतं, कशाला घाबरतीस? पाणी ५७ फुटांवर गेलं. फ्रीज गेला, पण कागदं वाचली. माझ्यासारखीच निवांत असती तर? आणि बोटीत बसताना तिचे पाय लटपटत होते, तेव्हा माझा निवांतपणाच कामाला आला.

जंक्शन: काका, पूर पंधरा दिवसांचा. उरलेल्या साडेतीनशे दिवसांचं बोला. माझं लग्न पाच वर्षांत मोडलं. मी पगार झाला की आधी आरडी भरणारी, तो मित्राला उसने देऊन मोकळा. लग्नाआधी त्याचा दिलदारपणा काय आवडायचा मला! नंतर गॅसच्या नंबरालाही पैसे नसायचे. शिवाय अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली जुने १९९ अभ्यास एकत्र तपासले, वर ब्रिटनमधल्या ८० हजारांच्या आसपास जोडप्यांची माहिती बघितली. तपासलेल्या गोष्टींपैकी ८२ ते ८९ टक्क्यांत जोडीदार एकमेकांसारखेच निघाले.

वकिली बाणा: ताई, त्यात कोण कुणाशी जुळलं ते मोजलंय, सुखात आहेत का ते नाही. शिक्षण, राजकारण, धर्म यांत साम्य जास्त; बोलकेपणात अगदी जेमतेम. पहाटे उठणारे आणि रात्री जागणारे यांच्या जोड्या तर किंचित उलट्याच लागलेल्या. आणि आपल्याकडं जात, शिक्षण, पगार बघूनच स्थळ घरात येतं. सारखेपणा आधीच चाळून घेतलेला असतो, आता चाळणीत उरलं काय यावर भांडायचं.

पत्रिकावाली: गंमत बघा, ३६ गुणांत नाडीचे ८. दोघांची नाडी एक निघाली की शून्य. पण गणाचे ६, तिथं एकच गण असला तर पुरेपूर. म्हणजे पत्रिकेचंसुद्धा ठरेना! (आमचे १९ जमले होते. बावीस वर्षं झाली, भांडतोय.)

तंबोरा: मिरजेत येऊन ऐका. तंबोऱ्याची पहिली तार पंचमाला, मधल्या दोन षड्जाला, शेवटची खर्जात. चारी एकसारख्या लावल्या तर वाजवायचं काय?

जंक्शन: दादा, तंबोरा लावणारा एकच असतो ओ. संसारात दोघं एकाच खुंटीला झोंबत असतात.

हळदवाला काका: हे मात्र खरं. पैशाचं आमचं एकमत आहे, दोघंही चिक्कू. पुराच्या गोष्टीत सांगायचं राहिलं.

जंक्शन: मग तेच म्हणतेय मी, काका! घुम्या, ती किती बोलते ते सोड. तिला विचार, भावानं लाखभर रुपये उसने मागितले तर काय करशील? आणि तुझं उत्तरही आधी तयार ठेव.

विश्रामबागचा घुमा: विचारलं. नऊ मिनिटांचा व्हॉइस मेसेज आलाय. इयरफोन शोधतोय.