स्टोन माउंटनचं शिल्प: जपायचं की झाडाझुडपांत जाऊ द्यायचं?

अटलांटाकर (धागाकर्ता):
अटलांटात मराठी घरी पाहुणे आले की त्यांना स्टोन माउंटन दाखवायला नेतातच. ग्रॅनाइटचा उघडाबोडका डोंगर, दीडेक किलोमीटरची चढण. उत्तरेच्या कड्यावर तीन घोडेस्वार कोरलेत, टोप्या छातीशी धरलेले: जेफरसन डेव्हिस, रॉबर्ट ली आणि स्टोनवॉल जॅक्सन. गुलामगिरी टिकवण्यासाठी देशातून फुटलेल्या कॉन्फेडरसीचा अध्यक्ष आणि तिचे दोन सेनापती. डोंगर जॉर्जिया राज्यात, पण तिघांतला एकही जॉर्जियाचा नाही!

सुरुंग लावा असं मी म्हणत नाही. फक्त निगा राखणं थांबवा, भेगांत रोपं वाढू द्या. आज तेवढंही करता येत नाही, कारण शिल्प बदलायला, हटवायला, अगदी झाकायलाही राज्याच्या कायद्याने बंदी आहे. ते कलम रद्द व्हायला हवं.

गडवाट:
साफ असहमत. जंजिरा सिद्दीचा म्हणून आपण तो ढासळू द्यायचा का? शिवाय कारागिरी बघा. आधीचा शिल्पकार बोर्ग्लम भांडून निघून गेला आणि पुढे रशमोर पर्वतावर राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरले. इथलं काम कित्येक वर्षं बंद पडलं. १९६४ला पुन्हा सुरू झालं तेव्हा कड्याला लटकून, ज्वालेच्या झोताने दगड उडवत माणसांनी ते केलं. घोड्यांचे पाय तर अजून अर्धवट आहेत. एवढे कष्ट रानाच्या हवाली करायचे?

अटलांटाकर:
जंजिरा सिद्दीने स्वतःच्या काळात, स्वतःच्या गरजेसाठी बांधला. हे शिल्प पूर्ण झालं १९७२ला, म्हणजे यादवी संपून १०७ वर्षांनी. मधल्या तारखा बघा. १९१५ला याच डोंगरमाथ्यावर क्रॉस पेटवून कु क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणारी संघटना पुन्हा उभी राहिली. १९५४ला सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवला. १९५६ला जॉर्जियाने राज्याच्या झेंड्यात कॉन्फेडरेट चिन्ह घातलं आणि १९५८ला हा डोंगर विकत घेतला. १९६३ला वॉशिंग्टनच्या भाषणात मार्टिन ल्यूथर किंग यांनी याच डोंगराचं नाव घेतलं ते उगाच नाही. हे स्मारक कृष्णवर्णीयांना धाक दाखवायला उभं केलं आहे.

नवखी:
आपण इथे बाहेरून आलेलो. त्यांच्या दोनशे वर्षांच्या भांडणात आपण कशाला पडायचं?

अटलांटाकर:
ताई, आपण इथे कर भरतो, आपल्यातले कितीतरी जण मत देतात. आणि जोतीरावांनी १८७३ला ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना. पुण्यात बसून त्यांना हा प्रश्न परका वाटला नाही.

पायथ्याचा रहिवासी:
दोघांशीही थोडा वाद आहे. डोंगराच्या पायथ्याशी शर्मनटाउन ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती आहे. इथल्या खाणींत राबलेल्यांची ती वस्ती, आणि इथला ग्रॅनाइट पार पनामा कालव्यापर्यंत गेला. १९९७ला स्टोन माउंटन गावाने चक बरिस हा पहिला कृष्णवर्णीय महापौर निवडला. ते राहत होते ते घर पूर्वी क्लॅनच्या एका म्होरक्याचं होतं! ही गोष्ट पाहुण्यांना कोण सांगतं? शिल्प रानाने झाकलं की ती सांगायचं निमित्तही जाईल. २०२१ला उद्यानाच्या मंडळाने पायवाटेवरचे कॉन्फेडरेट झेंडे हलवायचं आणि खरा इतिहास मांडणारं दालन उभारायचं ठरवलं. माझा जोर त्या दालनावर आहे.

गडवाट:
दालनाला माझा पूर्ण पाठिंबा. पण कलम रद्द करायला नाही. २००१ला राज्याच्या झेंड्यातलं ते कॉन्फेडरेट चिन्ह आक्रसून अगदी छोटं केलं, तेव्हाच्याच कायद्याने शिल्पाला संरक्षण दिलं. झेंडा बदलणारे गव्हर्नर रॉय बार्न्स पुढच्याच वर्षी निवडणूक हरले. एवढी किंमत मोजून झालेली तडजोड मोडलीत, तर पुढच्या वेळी समोरचा तुमच्याशी बोलायला बसेल का?

अटलांटाकर:
तडजोड दोन्ही बाजूंच्या आमदारांत झाली, शर्मनटाउनला कुणी विचारलं होतं? दालन हवंच. पण दारात सत्य सांगायचं आणि वर कड्यावर त्याच तिघांना सरकारी खर्चाने घासूनपुसून ठेवायचं, हे मला मान्य नाही.