वाडा सोडतोय. जानेवारीत जास्वंद, मोगरा, अनंत कुंडीत हलवू का?

लश्करची_काकू, ८ जानेवारी

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेर, लश्कर. वाडा विकला गेला, ३१ तारखेला किल्ल्या द्यायच्या. पुढे थाटीपूरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, दक्षिणेला साडेतीन फुटी गॅलरी.

मागच्या अंगणातली चार झाडं सोडवत नाहीत. गणपतीची लाल जास्वंद (माझ्यापेक्षा हातभर उंच, बुंधा मनगटाएवढा), दोन मोगरे आणि सासूबाईंनी लावलेला अनंत. देशी गुलाबही आहे, पण तो मेला मला पुरून उरेल.

माळी म्हणतो, "बाई, अभी पाला पड़ रहा है, होली के बाद." (पुणेकरांनो, इथे पाला म्हणजे झाडाची पानं नव्हेत, पहाटे गवतावर पांढरं गोठतं ते.) होळीपर्यंत तिथे गाड्या लागलेल्या असतील! भाचा म्हणतो, झाडं हिवाळ्यातच हलवतात, व्हिडिओत पाहिलंय. कुणाचं ऐकू?

मुरारचा_बागवाला

काकू, भाच्याचा व्हिडिओ विलायतेतला असणार. तिकडची झाडं पानं गाळून झोपतात, म्हणून त्यांना कळत नाही. गुलाबाचं तसं चालेल, तो उद्या काढलात तरी हरकत नाही. मोगराही सध्या सुस्त असतो, त्याच्या छाटणीचे हेच दिवस. फूट-दीड फुटावर छाटा, पानं ओरबाडून काढा, १२ इंची कुंडी पुरे.

जास्वंद आणि अनंत मात्र झोपत नाहीत, नुसते गारठतात. एवढ्या थंडीत नवी मुळं जवळजवळ फुटतच नाहीत. म्हणजे खणताना मुळं तुटली की पाणी ओढणारं कुणी नाही, आणि वर पानं दुपारच्या उन्हात पाणी उडवतायत. झाड त्यानेच जातं.

एक करा. आज माती भिजवा. उद्या बुंध्यापासून ८-९ इंचांवर अर्ध्या गोलाचा चर खणा, फूटभर खोल. चेचलेली मुळं कात्रीने साफ कापा, चर बुजवा. उरलेला अर्धा हलवायच्या दिवशी. थंडीत फार फायदा नाही, पण एकदम दणका बसण्यापेक्षा बरं. जास्वंदीला १६ इंची कुंडी लागेल, ओल्या मातीसकट ४०-५० किलो भरते. लिफ्ट आहे ना?

बडोदेकर_ताई

आमच्या बडोद्यात जानेवारीत काहीही उपटा, काहीही लावा, जगतं! म्हणून तुमच्याकडच्या थंडीवर मी बोलत नाही. पण मनगटाएवढ्या जास्वंदीचा मोह सोडा, काकू. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या १० काड्या कापून घ्या, निम्म्या लागल्या तरी गणपतीची सोय झाली.

जीव अनंतात अडकलाय ना? मग खरेदीदाराला सरळ विचारा, अंगणातलं काम कधी सुरू करणार. पंधरवडा मिळाला तर वसंत पंचमीनंतर काढा. मातीचा गोळा फुटू देऊ नका, गोणपाटात सुतळीने आवळून न्या. वरून फार छाटू नका. आणि बोरिंगचं पाणी अजिबात नको, जड पाण्याने अनंताची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

लश्करची_काकू

खरेदीदाराला विचारायचं डोक्यातच आलं नव्हतं. भला माणूस, १५ फेब्रुवारीपर्यंत अंगणाला हात लावणार नाही म्हणाला, पण एकाच झाडासाठी. (त्याला वाटलं, खाली काही पुरलंय.) तर अनंत थांबेल. नळाला तिघरा धरणाचं पाणी येतं, तेच घालीन. जास्वंदीबद्दल मात्र ऐकणार नाही, तीही नेणार आणि काड्याही. लिफ्ट आहे, चालते का ते बघायचंय.

मुरारचा_बागवाला

न्या. पण दोन फुटांवर छाटून. खत आत्ता घालू नका. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल त्या रात्री जुनं सुती लुगडं टाका, सकाळी काढा. प्लास्टिक नको, पानाला चिकटलं की तिथेच काळं पडतं.

लश्करची_काकू, २७ फेब्रुवारी

हिशेब देते. मोगरे दोन्ही फुटले. गुलाबाचं विचारूच नका. अनंत १४ तारखेला आणला, पाच-सहा पानं पिवळी होऊन गळली, बाकी तकाकी तशीच. काड्यांपैकी ४ हिरव्या आहेत.

जास्वंद २९ जानेवारीला आली (लिफ्ट चालत होती). सगळी पानं काळी होऊन गळली, आता नुसता दांडका उभा आहे. नखाने खरवडलं तर वरचं वीतभर तपकिरी, खाली हिरवं. वाळकं कापू का? रोज तांब्याभर पाणी घालतेय.

मुरारचा_बागवाला

आधी तो तांब्या थांबवा! पान नाही तर पाणी पिणार कोण, मुळं कुजतील. दोन बोटं माती कोरडी लागली तरच घाला. आणि कात्री आत्ता नको, कुठून फुटतंय ते दिसल्यावर त्याच्या वर कापा. होळीनंतर.

लश्करची_काकू

म्हणजे शेवटी होळीच. माळ्याला सांगत नाही.